बॉक अनहायड्राइड, १०० ग्रॅमची बाटली: लावायला सोपं, आवरायला चिवट

अमिनो आम्लाच्या नायट्रोजनला थोडा वेळ गप्प बसवायचं असेल, तर बहुतेकांचा हात आधी डाय-टर्ट-ब्युटिल डायकार्बोनेटकडे, म्हणजेच बॉक अनहायड्राइडकडे जातो. त्यातून नायट्रोजनवर चढणारा बॉक (टर्ट-ब्युटॉक्सिकार्बोनिल) हा तात्पुरतं झाकण घालणारा गट १९५७ पासून वापरात आहे. पूर्वी तो लावायला बॉक अझाइड घेत, आणि ते स्फोटक. त्या मानाने ही बाटली गरीब गाय. तरी तिच्या लाथा ठाऊक असाव्यात.

पहिली तक्रार साठवणीची. वितळणांक २३ अंशांच्या आसपास, त्यामुळे मे महिन्यात नागपुरात पार्सल उघडलं की आत घनाऐवजी पातळ द्रवच दिसतो. एवढ्यावरून माल परत करू नका. बाटली फुगलेली असेल तर मात्र सावध व्हा: ओल शिरली की टर्ट-ब्युटेनॉल आणि कार्बन डायऑक्साइड तयार होतो. झाकण फ्यूम हूडमध्येच (वाफा ओढून घेणाऱ्या कपाटात), हळूहळू सैल करा. वास घेऊन पारख मुळीच नको, याची वाफ श्वासातून गेली तर जिवावर बेतू शकते. ड्युटेरेटेड क्लोरोफॉर्ममध्ये प्रोटॉन एनएमआर (रेणूतले हायड्रोजन दाखवणारी चाचणी) घ्या. १.५३ पीपीएमला एकच सिग्नल असेल तर माल चांगला, १.२८ ला दुसरा डोकावला तर ते टर्ट-ब्युटेनॉल. साठवण २ ते ८ अंशांत. फ्रिजमधून काढल्यावर खोलीच्या तापमानाला येऊ द्या, मगच उघडा. पावसाळ्यात तर हे हमखास पाळा. गोठलेला गोळा स्पॅच्युलाने टोकरत बसू नका, बंद बाटली ३० ते ३५ अंशांच्या कोमट पाण्यात धरली की काम होतं. घनता ०.९५ च्या आसपास, म्हणून २.४ ग्रॅम म्हणजे साधारण २.५ मिली.

काम करताना मात्र तक्रारीला जागा नाही. १.६५ ग्रॅम फेनिलअलानिन (१० मिलिमोल), १० मिली १ नॉर्मल सोडियम हायड्रॉक्साइड, १० मिली पाणी, २० मिली डायॉक्सेन. बर्फात ठेवून २.४ ग्रॅम अनहायड्राइड थेंबाथेंबाने, मग खोलीच्या तापमानाला रात्रभर ढवळा. निघणाऱ्या कार्बन डायऑक्साइडमुळे पीएच उतरतो. तो ८ च्या खाली गेला की अमाइनला प्रोटॉन चिकटतो आणि अभिक्रिया रेंगाळते. म्हणून पीएच ९ ते १० राखा, लागेल तसं सोडियम हायड्रॉक्साइड घाला. फार वर नेलात तर अनहायड्राइडच फुकट फुटतं. फ्लास्क बंद ठेवू नका, एवढ्याशा प्रमाणातही पाव लिटर वायू निघतो. किलोच्या बॅचमध्ये हाच आकडा शंभर लिटरपुढे जातो.

डायॉक्सेन उडवल्यावर अल्कधर्मी थर हेक्झेनने धुवा, उरलेलं अनहायड्राइड त्यात जातं. मग थंड करून पोटॅशियम बायसल्फेटने पीएच २ ते ३ करा आणि इथाइल अॅसिटेटमध्ये ओढा. तीव्र हायड्रोक्लोरिक आम्ल इथे नको, नुकताच लावलेला गट तेच काढू लागतं. टीएलसीवर (अभिक्रिया कुठवर आली ते दाखवणाऱ्या पातळ थराच्या प्लेटवर) मोकळा अमाइन रंगवणारं निनहायड्रिन मारून प्लेट जास्त तापवली तर बॉकवाला डागही रंगतो, कारण तिथेच गट सुटतो. अभिक्रिया अर्धवट राहिली असं समजून जादा अभिकर्मक ओतण्याची चूक इथेच होते.

खरी डोकेदुखी उदासीन पदार्थांत. तिथे अल्कधर्मी धुणं उपयोगाचं नाही, उरलेलं अनहायड्राइड शुद्धीकरणाच्या कॉलममध्येही सोबत उतरतं. थोडं डायमिथाइलअमिनोप्रोपिलअमाइन घालून अर्धा तास ढवळा, मग सौम्य सायट्रिक आम्लाने धुवा. डीएमएपी (डायमिथाइलअमिनोपिरिडिन, हा उत्प्रेरक) सवयीने टाकू नका: अॅनिलिनसोबत आयसोसायनेट आणि पुढे युरिया, तर अमाइडवरही बॉक चढतो.

बॉक काढायला ट्रायफ्लुरोअॅसेटिक आम्ल आणि डायक्लोरोमिथेन १:१, तासभर. किंवा डायॉक्सेनमधलं ४ मोलर हायड्रोजन क्लोराइड. सुटलेला टर्ट-ब्युटिल कॅटायन ट्रिप्टोफॅन आणि मेथिओनिनवर जाऊन बसतो, म्हणून अॅनिसोल किंवा ट्रायइथाइलसिलेन सोबत हवं.

प्रोड्रग (शरीरात गेल्यावर खऱ्या औषधात बदलणारा रेणू) बनवणाऱ्यांनाही ही बाटली लागते, पण आडवाटेने. शरीराला आम्लाने बॉक काढता येत नाही, तिथे एन्झाइमने तुटणारा बंध हवा. व्हॅलासायक्लोव्हिर या प्रोड्रगमध्ये अॅसायक्लोव्हिर या विषाणूरोधक औषधाला व्हॅलिनचं एस्टर लावलेलं असतं. त्यामुळे जैवउपलब्धता (घेतलेल्या औषधातला रक्तात पोचणारा वाटा) १० ते २० टक्क्यांवरून ५४ टक्क्यांच्या आसपास जाते. हे एस्टर जोडताना व्हॅलिनचा अमाइन झाकावा लागतो, त्यासाठी बॉक-व्हॅलिन चालतं. बॉकचं झाकण कारखान्यात निघतं, व्हॅलिनचं रुग्णाच्या आतड्यात आणि यकृतात.

पाचपैकी चार तारे. एक तारा गाळलाय तो साठवणीपायी. विद्यार्थ्यांच्या लॅबला २५ ग्रॅमचा पॅक पुरे, वारंवार उघडलेली मोठी बाटली वर्षभरात ओल खाते. रेणूत अॅसिटल किंवा दुसरा आम्लाने सुटणारा गट असेल तर इकडे वळूच नका. त्याऐवजी असेच दुसरे झाकणारे गट आहेत: सीबीझेड हायड्रोजन आणि पॅलेडियमने निघतो, एफमॉक डीएमएफ या द्रावकातल्या २० टक्के पायपेरिडिनने.