लहान पोरांना घेऊन जुनं नाशिक: पंचवटीची रिक्षा, 5 पैकी 4 स्टार

पहिलंच सांगून टाकते, बरोबर लहान मुलं असतील तर ते दिवसभराचं 'नाशिक दर्शन' मिनीबसचं पॅकेज घेऊ नका. सकाळी मुक्तिधाम, मग पांडवलेणी, मग पंचवटी, तपोवन, सोमेश्वर, आणि जमलं तर त्र्यंबक पण. प्रत्येक ठिकाणी ड्रायव्हर हॉर्न वाजवत सांगणार वीस मिनिटात या. ज्यांच्याकडे पाच वर्षांखालचं पोर आहे त्यांची वीसमधली पंधरा मिनिटं सँडलचे बेल्ट काढण्यात आणि लावण्यात जातात, उरलेल्या पाचात देव बघायचा का सू-सूची जागा शोधायची ते तुम्ही ठरवा.

आम्ही इथलेच, इंदिरानगरचे, त्यामुळे इतकी वर्षं पंचवटी म्हणजे पाहुणे आले की नवऱ्याने गाडी काढायची आणि पार्किंग मिळेना म्हणून चिडायचं एवढंच माहिती. यावेळी नाताळच्या सुट्टीत नणंद आली पुण्याहून, तिचा एक सात वर्षांचा आणि एक अडीचची, माझी चारची. मी म्हटलं ताई गाडी नकोच, आपण दोघीच तिघांना घेऊन रिक्षाने जाऊ. रामकुंडापाशी पंचवटी दर्शन करवणारे रिक्षावाले उभेच असतात, त्यातल्या एका काकांशी चारशेत ठरवलं, अट एकच की घाई करायची नाही. काका म्हणाले ताई मला पण नातवंडं आहेत, तुम्ही निवांत बघा. आणि खरंच एकदाही घड्याळ दाखवलं नाही, रिक्षाचे पूर्ण स्टार इथेच वसूल.

सुरुवात गंगेवर. (बाहेरच्यांसाठी, नाशिकमध्ये गोदावरीला गंगाच म्हणतात, पोरांना उगाच गोंधळात पाडू नका.) रामकुंडात मुलांना इंटरेस्ट शून्य, पण दुतोंड्या मारुतीपाशी तिघं अशी चिकटली की हलेनात. उघड्यावर उभी असलेली मोठी मूर्ती, दोन बाजूंना दोन तोंडं. काकांनी सांगितलं की पूर किती आला ते नाशिककर या मारुतीवरून मोजतात, कमरेला पाणी, गळ्याला पाणी, आणि डोक्यावरून गेलं म्हणजे काही खरं नाही. सात वर्षांचा भाचा लगेच, मग मारुती बुडतो तेव्हा श्वास कसा घेतो. याचं उत्तर काकांकडे पण नव्हतं. पुढे नारोशंकराची घंटा. 1739 मध्ये चिमाजी अप्पांनी पोर्तुगीजांकडून वसई जिंकली तेव्हाची लुटीतली घंटा, 1747 मध्ये बांधलेल्या देवळाच्या तटावर बसवलीये. इतिहासाच्या पुस्तकात दोन ओळीत संपणारी वसईची लढाई, पण चर्चमधली घंटा आता शंकराच्या देवळावर आहे हे समोर दिसलं की पोरांना बरोबर कळतं, 'म्हणजे जिंकल्यावर घेऊन आले?', हो बाबा, घेऊन आले.

घाटाबद्दल तक्रार आहे ती म्हणजे स्ट्रोलर. आणूच नका. पायऱ्या, ओला दगड, फुलवाले, गाई, आणि बुधवारी गेलात तर गंगेवरचा आठवडे बाजार, चाक फिरायला जागाच नाही. ताईने पुण्याहून कौतुकाने आणलेली ती महागाची गाडी अख्खा वेळ रिक्षाच्या मागच्या कप्प्यात पडून होती, अडीच वर्षांची बाई कडेवर. पोटाला बांधायची बेबी बॅग असेल तर ती आणा. टॉयलेट पैसे देऊन वापरायचं आहे पण फार अपेक्षा ठेवू नका, ओले वाइप्स आणि एक जुना टॉवेल जवळ असूद्या. अर्धा स्टार इथे कापला.

काळाराम मंदिर मात्र मुलांसाठी मस्त जागा आहे, मला स्वतःला वाटलं नव्हतं. चारी बाजूंनी भिंत आणि मधे मोठं फरसबंदी अंगण, म्हणजे पोर सुटलं तरी रस्त्यावर जात नाही, आईला जरा टेकता येतं. पायऱ्या चौदा, वनवासाच्या चौदा वर्षांच्या म्हणून असं सांगतात, माझीने तीनदा मोजल्या आणि तीनदा वेगळा आकडा आला. मंदिर पेशव्यांचे सरदार रंगराव ओढेकर यांनी अठराव्या शतकाच्या शेवटी बांधलं, काळा दगड रामशेजच्या डोंगरातला. पण भाच्याला मी दारातच थांबवून दुसरी गोष्ट सांगितली, की 2 मार्च 1930 ला बाबासाहेब आंबेडकर आणि दादासाहेब गायकवाड यांनी याच देवळात जाता यावं म्हणून सत्याग्रह सुरू केला आणि तो काही वर्षं चालला. तो म्हणे पण आपण तर आत्ता असेच गेलो, कोणी काहीच विचारलं नाही. मग पुढची दहा मिनिटं त्याचे प्रश्न, कोणी अडवलं, का अडवलं, पोलीस कोणाच्या बाजूने होते. देवळातल्या कुठल्याही माहितीपेक्षा हे त्याच्या जास्त डोक्यात बसलं, घरी जाऊन आजीला पण त्यानेच सांगितलं. मोठ्या मुलांबरोबर जाताय तर ही गोष्ट गाळू नका प्लीज, बरेच लोक गाळतात.

सीता गुंफा: मोठ्यांसाठी दोन स्टार, मुलांसाठी सहा. वाकून, बसून, सरकत आत जायचं, गुडघे दुखणाऱ्यांनी बाहेर वडाच्या पारावर बसावं. पोरं सुळ्ळकन आत आणि आपण मागून 'थांब थांब' करत अडकलेलो. ज्यांना बंद जागेची भीती वाटते त्यांनी मात्र खरंच जाऊ नका, पुढे रांग, मागे रांग, मधेच परत फिरता येत नाही. शनिवार-रविवार तर नकोच.

जाता जाता काकांनी शनी चौकात रिक्षा हळू केली आणि म्हणाले इथे रस्त्याखाली हौद आहे. तीच ती रहाड. पेशवेकाळापासूनची, वर्षभर बुजवलेली असते, रंगपंचमीला उघडतात, रंगाचं पाणी भरतात आणि लोक त्यात धप्पा मारतात. बघायला तिथे काहीच नव्हतं, साधा रस्ता, तरी तिघं रिक्षातून वाकून वाकून रस्ता बघत होती. कुठल्याच पॅकेजमध्ये हे नसतं.

जेवण. सगळे सांगतात नाशिकला गेलात की मिसळ, आणि बरोबरच सांगतात, पण काळ्या मसाल्याची तर्री पोरांच्या कामाची नाही. गंगापूर रोड, मखमलाबाद बाजूला मळ्यात थाटलेली जी मिसळीची ठिकाणं आहेत तिथे जा, झोपाळे, अंगण, कुठे कुठे द्राक्षाची बाग, पोरं खेळतात तोवर आपण गरम गरम खातो. त्यांना पापड, दही, पाव आणि जिलेबी, भागतं. रविवारी एवढं वेटिंग असतं की पोरं झोपून जातात, त्यामुळे सकाळी नऊच्या आत पोचा. एका ठिकाणी (नाव नाही घेत) लहान मुलांना वेगळी प्लेट मागितली तर पूर्ण मिसळीचे पैसे लावले, ते मला पटलं नाही, ताई तर वाद घालायलाच निघाली होती. गावात असाल तर सायंतारा साबुदाणा वडा मुलं आरामात खातात, तिखट नको सांगायचं आणि चटणी आपण घ्यायची. बुधा हलवाईची जिलेबी आणि जाताना कोंडाजीचा चिवडा हे तर पुण्याची माणसं आपल्याला न विचारताच घेतात.

पांडवलेणी त्याच दिवशी करू नका, वेगळी सकाळ ठेवा. शहरापासून आठेक किलोमीटर, मुंबई-आग्रा हायवेला, खाली फाळके स्मारक. दोनशेच्या आसपास पायऱ्या आहेत, चार वर्षांचं पोर स्वतः चढतं पण प्रत्येक वळणावर बिस्कीट लागतं. पुरातत्त्व खात्याचं तिकीट आहे, 15 वर्षांखालच्यांना फुकट. वर 24 लेणी, बौद्ध, दोन हजार वर्षांच्या आसपासची, सगळी बघायचा हट्ट धरू नका. तीन नंबर, दहा नंबर आणि अठरा नंबर, बास. तीन नंबरला व्हरांड्याचा सगळा भार खांद्यावर घेऊन बसलेले दगडी यक्ष आहेत, मुलांनी त्यांच्यासारखी तोंडं करून फोटो काढले. आणि तिथेच गौतमी बलश्रीचा लेख आहे, सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णीची आई, तिने मुलाचं कौतुक भिंतभर कोरून घेतलंय. आपण स्टेटसला टाकतो, चोवीस तासात जातं. दहा नंबरमध्ये उषवदाताचा (क्षत्रप राजा नहपानाचा जावई) लेख, त्याने गोवर्धनच्या विणकरांच्या श्रेणींकडे, म्हणजे संघांकडे, 3000 कार्षापण (तेव्हाची नाणी) ठेवले, 2000 महिना एक टक्क्याने आणि 1000 पाऊण टक्क्याने, व्याजातून भिक्खूंचे कपडे वगैरे. चक्क एफडी! ताई बँकेत आहे, ती तिथून हलेचना. अठरा नंबरच्या चैत्यात, म्हणजे प्रार्थनेच्या दालनात, आवाज घुमतो, पोरांनी ओरडून बघितलंच, रखवालदार दादांनी गप्प केलं, बरोबर केलं.

पावसात पायऱ्या निसरड्या होतात, एप्रिल-मेमध्ये दगड तापतो, नोव्हेंबर ते फेब्रुवारी बेस्ट. वर पाणी मिळेल असं धरून चालू नका, बाटल्या खालून भरून घ्या.

गोंदेश्वर राहिलं आमचं, सिन्नरला. यादवकाळातलं देऊळ, आजूबाजूला मोकळी जागा, पळायला भरपूर. पुढच्या सुट्टीत तिकडे.

आता एक स्टार का गेला ते. अर्धा वर सांगितला, अर्धा रिक्षेचा भाव ठरलेला नसतो म्हणून. आमच्या शेजारीच उभ्या असलेल्या एका कुटुंबाला त्याच फेरीचे आठशे सांगितले होते, त्यांच्या हातात सुटकेस होती एवढाच फरक. त्यामुळे बॅगा हॉटेलवर टाकूनच या, दोघा-तिघांना विचारा, आणि बसायच्या आधी 'कुठे कुठे थांबणार आणि किती वेळ' हे मोकळेपणाने बोलून घ्या.