‘भिया, कंप्यूटर गया’: जुन्या गाडीच्या ईसीएमच्या नावावर चालणारी लूट

इंदूरच्या सुदामानगरमधल्या एका निवृत्त काकांची २०१२ची डिझेल स्विफ्ट ऐन पावसाळ्यात एका सकाळी चालू होईना. सेल्फ फिरत होता, इंजिन पकडत नव्हतं. मिस्त्री आला, त्याने डॅशखालच्या सॉकेटमध्ये अंगठ्याएवढं ब्लूटूथ यंत्र (स्कॅनर) खोचलं, मोबाइल पाहिला आणि म्हणाला, “लिंक नहीं ले रहा. भिया, कंप्यूटर गया.” नवा ईसीएम (इंजिन चालवणारा कंप्यूटर) घेतला तर अडतीस हजार, नाहीतर जुन्याची दुरुस्ती आणि प्रोग्रॅमिंग चौदा हजार. गाडी ओढून नेली आणि दोन दिवसांनी चालू करून परत दिली. वर सहा हजार पाचशेचं ‘मायलेज मॅपिंग’ही (मायलेज वाढावं म्हणून ईसीएमच्या सॉफ्टवेअरमध्ये बदल) झालं होतं, कारण “खोला ही है तो करवा लो”. बिल साध्या लेटरपॅडवर. जीएसटी क्रमांक नाही, पार्ट नंबर नाही.

पुढे गाडी काळा धूर टाकू लागली, तेव्हा काकांच्या पुतण्याने दुसऱ्या ऑटो इलेक्ट्रिशियनला दाखवली. ईसीएमच्या बोल्टवर मागच्या कित्येक पावसाळ्यांची माती सुकून बसली होती, तिच्यावर पान्याचा एक ओरखडा नाही. कव्हरच्या कडेचा कंपनीचा काळा सीलंट अखंड. म्हणजे ‘रिपेअर’ झालेला ईसीएम जागेवरून हललाच नव्हता. फ्यूज बॉक्समध्ये मात्र धुळीने राखाडी झालेल्या रिलेंच्या (विजेने चालणाऱ्या स्विचांच्या) ओळीत एक रिले नवाकोरा चमकत होता: मेन रिले. ईसीएमला वीज देणारा हाच. त्याचे कॉन्टॅक्ट जळले की ईसीएम उपाशी राहतो, स्कॅनर लिंक घेत नाही आणि इंजिन पेटत नाही. काही शे रुपयांचा भाग. चौदा हजारांचं काम ते हेच.

हा प्रकार इंदुरात एका गॅरेजपुरता नाही, आणि एकाच प्रकारच्या गाडीपुरताही नाही. ईसीएमच्या डब्यात काय चालतं ते गिऱ्हाइकाला दिसत नाही, याच भांडवलावर तो चालतो. पण डब्याबाहेरच्या बऱ्याच गोष्टी दिसतात, आणि महाराणी रोडवर तीन-चारशेत मिळणाऱ्या मल्टीमीटरने मोजताही येतात.

पहिली खूण फुकटची आहे. चावी ऑन करा, सेल्फ मारू नका. मीटरमध्ये चेक इंजिनचा पिवळा दिवा लागला पाहिजे. जुन्या गाड्यांत त्या दिव्याची अर्थ (विजेची परतीची, बॉडीकडची जोडणी) ईसीएमच देतो, त्यामुळे दिवा लागला तर ईसीएमला वीज मिळते आहे आणि तो निदान जागा आहे. नाही लागला तर आधी फ्यूज, मेन रिले, अर्थ आणि खुद्द बल्ब. ईसीएमचं नाव सगळ्यात शेवटी. (नव्या गाड्यांत मीटर स्वतःच हा दिवा लावतो, तिथे ही खूण चालत नाही.) रिले तपासायला तर काहीच लागत नाही: त्याच नंबरचा हॉर्नचा किंवा एसीचा रिले काढून त्या जागी बसवून पाहा.

मग बॅटरी. रात्रभर उभ्या गाडीत १२.६ व्होल्ट म्हणजे भरलेली, १२.२ म्हणजे अर्धी. सेल्फ मारताना ९.६च्या खाली जाता कामा नये. व्होल्टेज पडलं की ईसीएम मध्येच रीसेट होतो आणि दोषांचे भलभलते कोड टाकतो. पी०५६२ म्हणजे सिस्टिम व्होल्टेज कमी, हा कोड यादीत असेल तर बाकीचे सगळे संशयाने बघा. पी०६०६, म्हणजे ईसीएमच्या प्रोसेसरचा दोष, हा कोड दाखवून ईसीएम बदलायला लावणारे बरेच आहेत. बॅटरी भरून, कोड उडवून तो पुन्हा येतो का, एवढं बघायचीही तसदी घेत नाहीत. बॅटरीच्या निगेटिव्ह टर्मिनलपासून इंजिन ब्लॉकपर्यंत, सेल्फ फिरत असताना, ०.२ व्होल्टपेक्षा जास्त पडत असेल तर अर्थची पट्टी गंजली आहे. पावसाळ्यानंतर ही तक्रार हमखास येते.

“लिंक नहीं ले रहा” या वाक्याची चिरफाड स्वतंत्रपणे करायला हवी, कारण निम्मी फसवणूक त्यावर उभी असते. सोळा पिनच्या सॉकेटकडे समोरून, रुंद बाजू वर ठेवून बघितलं की वरच्या ओळीत डावीकडून १ ते ८ आणि खाली ९ ते १६. चार नंबर अर्थ, सोळा नंबर थेट बॅटरी. या दोहोंत चावी बंद असतानाही बारा व्होल्ट दिसले पाहिजेत. नसतील तर सॉकेटचा फ्यूज उडाला आहे. बऱ्याच गाड्यांत तो सिगारेट लायटरबरोबर सामाईक असतो, आणि हलका मोबाइल चार्जर तो सहज उडवतो. सात नंबर ही के-लाइन, जुन्या गाड्यांची बोलण्याची तार. चावी ऑन असताना तिच्यावर बॅटरीच्या आसपासचं व्होल्टेज हवं. शून्य आलं तर ती कुठेतरी बॉडीला टेकली आहे, आणि संशय आधी बाहेरून बसवलेल्या स्टिरिओवर आणि सेंट्रल लॉकवर घ्यावा. कॅन (नव्या गाड्यांची बोलण्याची दोन तारांची लाइन) असलेल्या गाडीत बॅटरीची तार काढून सहा आणि चौदामधला रोध मोजा: साठ ओहमच्या आसपास बरोबर, एकशेवीस म्हणजे एका टोकाचा रेझिस्टर किंवा तार तुटली आहे.

आणि स्कॅनर कोणता? ब्लूटूथ यंत्रांतली चिप मूळ कॅनडाच्या ईएलएम इलेक्ट्रॉनिक्सची ईएलएम३२७. तिच्या पहिल्या आवृत्तीला कॉपीसंरक्षण नव्हतं, त्यामुळे बाजार नकलांनी भरला. ‘व्हर्जन १.५’ असं छापलेली यंत्रं सगळीकडे मिळतात. मूळ कंपनीने १.५ आवृत्ती कधी काढलीच नाही. ‘२.१’ लिहिलेल्या कित्येकांना जुन्या के-लाइन गाडीशी बोलताच येत नाही. लिंक मिळाली नाही यात दोष बहुतेकदा त्या चारशेच्या यंत्राचा असतो, गाडीचा नव्हे.

त्यात आपल्याकडचा इतिहासही आहे. एप्रिल २०१० मध्ये बीएस-४ फक्त तेरा शहरांत लागू झालं आणि देशभर आलं ते एप्रिल २०१७ मध्ये. मधल्या काळात इतरत्र बीएस-३ गाड्याही रस्त्यावर येत राहिल्या. ओबीडी-२ची (इंजिनचे दोष ठरावीक कोडांत सांगण्याच्या पद्धतीची) सक्ती एप्रिल २०१३ पासून होती, पण ती बीएस-४ गाड्यांना. म्हणून २०१४ ची एमपी-०९ (इंदूरची) गाडी आहे एवढ्यावरून ती ओबीडी-२ बोलेलच असं नाही. सॉकेट सोळा पिनचा असला तरी. त्याआधीच्या मारुती एमपीएफआय गाड्यांत तर स्कॅनरचीही गरज नव्हती: डायग्नोसिस कपलरमध्ये (दोष शोधायच्या जोडणीत) तारेचा तुकडा घालून चेक लाइट किती वेळा मिचकावतो ते मोजायचं, बारा नंबर म्हणजे दोष नाही. हे माहीत असलेले मिस्त्री इंदूरच्या छावणी भागात अजून आहेत, आणि ते सहसा ‘कंप्यूटर गया’ म्हणत नाहीत.

एक दोष मात्र खरोखर चकवतो. ईसीएम सेन्सरना पाच व्होल्ट पुरवतो. एखाद्या सेन्सरच्या आत किंवा घासलेल्या तारेत ही लाइन बॉडीला टेकली की एकदम तीन-चार सेन्सर मेल्यासारखे दिसतात, आणि काही गाड्यांत ईसीएम बोलायचाही थांबतो. उपाय: पाच व्होल्टच्या तारेवर मीटर लावून एकेक सेन्सरचा कपलर काढत जायचं. ज्याचा कपलर काढताच पाच व्होल्ट परत येतील तो सेन्सर किंवा त्याची तार दोषी. दहा-पंधरा मिनिटांचं काम. नुसते कोड वाचून रेल प्रेशर सेन्सर (इंजेक्टरकडे जाणाऱ्या डिझेलचा दाब मोजणारा), थ्रॉटल आणि ईसीएम अशी खरेदीची यादी करणारा माणूस हे काम टाळतो आहे.

ईसीएम खरोखर जातात हेही खरं. कारणं ठरलेली: आत पाणी जाणं, जंप स्टार्टला तारा उलट लागणं, बॅटरी न काढता बॉडीवर वेल्डिंग, किंवा शॉर्ट झालेल्या इंजेक्टर-कॉइलने ईसीएमच्या आतला ड्रायव्हर (त्यांना चालवणारी चिप) जाळणं. ड्रायव्हर जळला असेल तर ज्याने तो जाळला तो इंजेक्टर आधी बदला, नाहीतर दुरुस्त ईसीएम पहिल्या दिवशी पुन्हा जळतो. आणि ईसीएम काढून कुणाला देण्यापूर्वी स्टिकरचा पार्ट नंबर आणि सिरीयल नंबर नीट दिसेल असा फोटो काढा, कव्हरच्या दोन बोल्टवर नेलपेंटचा ठिपका लावा. चांगला ईसीएम ठेवून घेऊन भंगारातला, इमोबिलायझर (चावी ओळखणारी चोरीविरोधी यंत्रणा) जुळवून परत देणं हा जुना उद्योग आहे. तुमचा ईसीएम मग तिसऱ्याच गाडीत ‘नवा’ म्हणून विकला जातो.

आता मॅपिंग. काकांच्या गाडीत ‘मॅपिंग’ म्हणून सापडली ती काळ्या टेपमध्ये गुंडाळलेली एक डबी, रेल प्रेशर सेन्सरच्या कपलरवर बसवलेली. ही डबी ईसीएमला दाब खऱ्यापेक्षा कमी सांगते. ईसीएम दाब वाढवतो, तेवढ्याच वेळात इंजेक्टरमधून जास्त डिझेल जातं, गाडी तरतरीत वाटते. धूर त्यातूनच. आणि गंमत अशी, की ईसीएम आपल्या समजुतीप्रमाणे कमी डिझेल मोजतो, म्हणून डिस्प्लेवरचं मायलेज वाढतं. काकांना २१ चे २४ दिसत होते आणि ते खूश होते. टाकी भरून मोजल्यावर १८ निघाले. मायलेज मोजायचं तर एकाच पंपावर, एकाच नोझलने, पहिल्या ऑटो-कटपर्यंत भरून, चारशे-पाचशे किलोमीटर चालवून पुन्हा तसंच भरून. डिस्प्लेवर कधीच नाही. पेट्रोल गाडीत याचा आणखी स्वस्त अवतार म्हणजे हवेच्या तापमान सेन्सरच्या तारेत घातलेला एक-दोन रुपयांचा रेझिस्टर. ईसीएमला हवा थंड आहे असं वाटतं आणि तो पेट्रोल वाढवतो. ‘पॉवर चिप’ ती हीच. सॉकेटमध्ये खोचायची हिरवी-पिवळी ‘इंधन बचत’ यंत्रं तर त्याहून पोकळ: उघडली की आत मिचकावणारे दिवे, ते मिचकावणारी छोटी चिप आणि एक बटण. कॅनवर बोलायला लागणारा ट्रान्सीव्हरच नसतो. ‘दीडशे-दोनशे किलोमीटरनंतर असर दिसेल’ हे वाक्य तुम्ही तोवर दूर गेलेले असावेत म्हणून असतं.

खरं रिमॅप वेगळं आणि त्याच्या खुणा मागे राहतात. आधी ईसीएमचा सॉफ्टवेअर नंबर वाचला जातो, मग मूळ फाइल काढून जपली जाते, मग बदललेली फाइल चेकसम (फाइल शाबूत आहे का ते पडताळणारा आकडा) सुधारून लिहिली जाते. लिहिताना गाडीला स्थिर वीजपुरवठा लागतो, दिवे आणि ब्लोअर बंद. मध्येच व्होल्टेज पडलं तर ईसीएम मरतो आणि मग टेबलावर उघडून जिवंत करावा लागतो. वेळही लागतो. के-लाइनचा मूळ वेग सेकंदाला १०,४०० बिट, म्हणजे जेमतेम एक किलोबाइट. अर्ध्या मेगाबाइटची फाइल त्या वेगाने आठ मिनिटांपेक्षा लवकर निघूच शकत नाही. चांगली साधनं वेग वाढवतात, तरी चहा होईपर्यंत ‘वाचलं, बदललं, लिहिलं’ हे जुन्या गाडीत पटण्यासारखं नाही.

पैसे देण्याआधी दोन फाइली पेनड्राइव्हवर मागा: मूळ आणि बदललेली. फुकटच्या हेक्स एडिटरमध्ये शेजारी शेजारी ठेवून तुलना करा. दोन्ही तंतोतंत सारख्या असतील तर काहीच झालेलं नाही. “फाइल हमारी प्रॉपर्टी है” असं उत्तर आलं, तर निदान मूळ फाइल तरी तुमच्या गाडीतली आहे; ती नसेल तर पुढे बिघाड झाल्यावर परत जायला रस्ता नाही. ज्या गाड्या ओबीडीचा ९ नंबरचा मोड देतात, त्यांत कॅलिब्रेशन आयडी (सॉफ्टवेअरची ओळख) आणि सीव्हीएन (त्याच्या पडताळणीचा आकडा) हे दोन आकडे आधी आणि नंतर टिपून ठेवा. ईजीआर किंवा डीपीएफ (प्रदूषण कमी करणाऱ्या यंत्रणा) ‘ऑफ’ करून देणाऱ्यांच्या नादी लागू नका. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ मध्ये गाडीच्या मूळ तपशिलात असे बदल करायला मनाई आहे, आणि पीयूसीच्या धुराच्या चाचणीत गाडी अडकली तर मॅप करणारा फोन उचलत नाही.

अलीकडचं नवं नाटक म्हणजे ‘ई-२० मॅपिंग’. हिशेब साधा आहे. दहा टक्के इथेनॉलवरून वीस टक्क्यांवर गेलं की त्याच हवेला इंधन साधारण चार टक्के जास्त लागतं. ऑक्सिजन सेन्सर असलेली गाडी हे स्वतःच भरून काढते. लाइव्ह डेटात लाँग टर्म फ्युएल ट्रिम (ईसीएमने इंधनात केलेली कायमची वाढ-घट) चार-पाच टक्क्यांनी वर सरकलेला दिसतो. पी०१७१, म्हणजे मिश्रण पातळ, हा कोड बहुतेक गाड्यांत ट्रिम वीस टक्क्यांच्या पुढे गेल्यावर येतो. तेव्हा पी०१७१ दाखवून कुणी ई-२० मॅपिंग विकत असेल तर आधी फुटलेला व्हॅक्यूम पाइप, मळलेला हवा-सेन्सर आणि दमलेला पेट्रोल पंप बघायला सांगा. जुन्या गाडीत ई-२० चा खरा त्रास रबराच्या नळ्या आणि सीलना होतो, आणि तो कुठल्याही मॅपने जात नाही.

जुनी गाडी विकत घेताना तर स्कॅन आवर्जून करा. विकणाऱ्याने आदल्या दिवशी कोड उडवले असतील तर यादी कोरी दिसेल, पण रेडिनेस मॉनिटर (ईसीएमच्या स्वतःच्या तपासण्या) ‘अपूर्ण’ राहतात आणि ‘कोड उडवल्यापासूनचं अंतर’ पाच-दहा किलोमीटर दिसतं. चावी ऑन केल्यावर चेक लाइट लागलाच नाही, किंवा ऑइलच्या दिव्याबरोबर लागून त्याच्याबरोबरच विझला, तर बल्ब काढलेला आहे किंवा तार ऑइलच्या दिव्याला जोडलेली आहे.

फसलाच असाल तर काढलेले भाग, डबी, जुना रिले, बिल, व्हॉट्सॲपवरचं बोलणं सगळं ठेवा, आणि दुसऱ्या गॅरेजकडून दोष काय निघाला ते सहीनिशी लिहून घ्या. काकांनी डबीसकट हेच केलं. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५; तिथे मिटलं नाही तर जिल्हा ग्राहक आयोगाकडे ऑनलाइन तक्रार करता येते. पाच लाखांपर्यंत शुल्क नाही, मुदत दोन वर्षं. बिलावर नुसतं ‘मॅपिंग’ असेल तर आयोगापुढे काय केलं नाही हे सिद्ध करणं अवघड जातं, म्हणून पैसे देतानाच त्यावर ईसीएमचा पार्ट नंबर, कामाआधीचे कोड आणि बदललेल्या भागांची नावं लिहून घ्या.