मातीच्या घरात अकरा महिने: डेव्हनमधलं आमचं भाड्याचं कॉटेज

गेल्या ऑक्टोबरात इंग्लंडच्या डेव्हन परगण्यात, एक्सेटर शहराजवळच्या खेड्यात हे कॉटेज भाड्याने घेतलं. भिंती कॉबच्या. म्हणजे चिकणमातीत पेंढा नि पाणी घालून तुडवायचं आणि साच्याशिवाय थरावर थर चढवायचे. जाडी दोन फुटांहून जास्त. खिडकीत मांडी घालून चहा पिता येतो. बायकोचं आजोळ साताऱ्याकडचं, तिथेही मातीच्याच भिंती. भाड्याचा आकडा ऐकून ती म्हणाली, "आजीने हे फुकटात दिलं असतं."

वायफाय स्वयंपाकघरापर्यंत पोचत नाही. जिन्याखालच्या तुळईवर मी महिनाभर रोज डोकं आपटलं, आता आपोआप वाकतो.

छप्पर गव्हाच्या काडाचं. कोकणातल्यासारखी दरसाल शाकारणी नाही. काड पंचवीसेक वर्षं टिकतं, आढ्यावरचं तेवढं दहा-पंधरा वर्षांनी बदलतात. पन्हळ मात्र नाही, त्यामुळे पाऊस थांबला तरी पागोळ्या बराच वेळ गळत राहतात.

खरा त्रास ओलीचा. डिसेंबरात बैठकीच्या खोलीचा एक कोपरा काळा पडला, कपाटातल्या स्वेटरांना कुबट वास यायला लागला. आम्ही खिडक्या घट्ट लावून हीटर वाढवला, म्हणजे नेमकं उलटं केलं. दुरुस्तीला आलेल्या गवंड्याने बाहेरून भिंत ठोकून पाहिली आणि मान हलवली. आधीच्या कुणीतरी तिथे सिमेंटचा गिलावा केला होता. कॉब ओल शोषतो आणि सोडतोही. चुन्याचा गिलावा ती बाहेर जाऊ देतो, सिमेंट कोंडून ठेवतं. इथली जुनी म्हण आहे: कॉबच्या घराला चांगली टोपी आणि चांगले बूट द्या. टोपी म्हणजे छप्पर, बूट म्हणजे दगडी जोतं. आमच्या बुटांत पाणी शिरलं होतं, कारण पागोळ्यांखालची चरही मातीने बुजलेली.

घर ग्रेड टू यादीतलं, म्हणजे जतन करायच्या जुन्या इमारतींच्या सरकारी यादीतलं, त्यामुळे सिमेंट काढायला परवानगी लागली आणि ती आली एप्रिलमध्ये. (ही यादी १९४७ च्या कायद्यातली. आपण स्वतंत्र होत होतो तेव्हा हे जुन्या घरांची नोंद करायला निघाले होते!) सिमेंट उतरवलं तेव्हा आतली माती बोटाने दाबली तरी खळगा पडत होता. मग उन्हाळाभर ती सुकू दिली आणि चुना लावला. कोपरा अजून किंचित गडद आहे, वास मात्र गेला. जुलैच्या उकाड्यातही आत इतका गारवा की दुपारी चादर लागायची.

करार महिनाभरात संपतोय. मालक भाडं वाढवून मागतोय. देऊ, पण दर पावसाळ्याआधी, म्हणजे इथे ऑक्टोबरच्या आत, चर उपसायचं काम त्याचं, हे करारात लिहून घेतोय.