‘एफ वन’ की ‘फोर्ड व्हर्सेस फेरारी’: एकच बघायचा तर कोणता?

शर्यतीचा सिनेमा बघायचाय, हाताशी एकच संध्याकाळ आहे आणि समोर दोन नावं आहेत: फॉर्म्युला वन (एफ वन) या सर्वात वरच्या दर्जाच्या मोटार शर्यतींवरचा जोसेफ कोसिन्स्कीचा ‘एफ वन’ (२०२५) आणि जेम्स मॅनगोल्डचा ‘फोर्ड व्हर्सेस फेरारी’ (२०१९). दोन्ही अडीच तासांचे. मी ते नुकतेच पाठोपाठ पाहिले. घरी टीव्हीवर बघणार असाल तर ‘फोर्ड व्हर्सेस फेरारी’च लावा. ‘एफ वन’ मोठ्या पडद्यावर पुन्हा कुठे लागला, तर मात्र तिकीट काढायला मागेपुढे पाहू नका.

‘एफ वन’ची गोष्ट पहिल्या दहा मिनिटांत ओळखता येते. एकेकाळचा होतकरू ड्रायव्हर सॉनी हेज (ब्रॅड पिट), त्याचा जुना मित्र आणि आता तोट्यातल्या संघाचा मालक (हाविएर बार्देम), आणि सॉनीला ‘म्हातारा’ समजणारा तरुण जोडीदार जोशुआ (डॅमसन इड्रिस). पुढे काय होणार हे आपल्याला माहीत असतं, तरी आपण खुर्चीच्या टोकावर येतो, ते चित्रीकरणामुळे. मर्सिडीजच्या मदतीने फॉर्म्युला टूच्या, म्हणजे एक पायरी खालच्या शर्यतींच्या गाड्यांवर एफ वनसारखी बॉडी चढवली, पिट आणि इड्रिसने त्या स्वतः चालवल्या, आणि खऱ्या ग्रां प्रीच्या (एफ वन शर्यतीच्या) दिवसांत, खऱ्या गर्दीत शूटिंग झालं. गाडीवरचा कॅमेरा ड्रायव्हरच्या चेहऱ्यावरून वळून थेट समोरच्या ट्रॅकवर जातो, तेव्हा वेग अक्षरशः पोटात जाणवतो. सात वेळा जगज्जेता ठरलेला एफ वन ड्रायव्हर लुइस हॅमिल्टन निर्मात्यांमध्ये आहे, आणि बारीकसारीक तपशिलांत ते दिसतं.

अडचण अशी की टीव्हीवर यातला निम्मा परिणाम निघून जातो आणि उरते ती पातळ कथा. केरी कॉन्डनने संघाची तांत्रिक प्रमुख फार छान उभी केलीय, पण लेखकांना तिला नायकाच्या प्रेमात पाडल्याशिवाय राहवलं नाही. याचं मला खरंच वाईट वाटलं.

एफ वन नियमित बघणाऱ्यांना आणखी एक गोष्ट खटकेल. हंगेरीच्या शर्यतीत सॉनी मुद्दाम धडका देतो, ट्रॅकवर तुकडे पडतात, सेफ्टी कार बाहेर येते. सेफ्टी कार आली की सगळ्यांना वेग कमी करावा लागतो, पुढच्या-मागच्या गाड्यांमधलं अंतर मिटतं आणि टायर बदलायला थांबलं तरी फारसा वेळ जात नाही. जोशुआचा फायदा होतो तो असा. सिनेमा याला हुशारी म्हणून दाखवतो. प्रत्यक्षात २००८ साली सिंगापूरला रेनॉ संघाचा ड्रायव्हर नेल्सन पिके ज्युनियर याने संघातल्या जोडीदाराच्या फायद्यासाठी अशीच मुद्दाम गाडी ठोकली होती, आणि पुढच्या वर्षी ते उघड झाल्यावर संघाच्या वरिष्ठांना पायउतार व्हावं लागलं. हे माहीत असलं की सॉनीचं कौतुक करणं जड जातं.

‘फोर्ड व्हर्सेस फेरारी’त शर्यत जेवढी महत्त्वाची, तेवढीच ती जिंकू पाहणारी माणसं. १९६३ मध्ये फेरारी विकत घ्यायचा फोर्डचा सौदा फिसकटला. त्या अपमानातून फ्रान्समधली ल मां ही २४ तासांची शर्यत जिंकायची जिद्द पेटली. त्यासाठी फोर्डने हाताशी धरलेला कॅरोल शेल्बी (मॅट डेमन) हा १९५९ चा ल मां विजेता, हृदयविकारामुळे ट्रॅक सोडलेला. त्याचा ड्रायव्हर केन माइल्स (ख्रिश्चन बेल) हा तोंडाने फटकळ, हाताने जादूगार. त्यांचं खरं भांडण फेरारीशी नाहीच, ते आहे फोर्डच्या सुटाबुटातल्या अधिकाऱ्यांशी. नोकरीत वरिष्ठांच्या बैठका सोसलेल्या कुणालाही हे लगेच भिडेल.

एक प्रसंग मुद्दाम सांगतो. शेल्बी दुसऱ्या हेन्री फोर्डला (ट्रेसी लेट्स) शेजारी बसवून रेसची गाडी पळवतो. गाडी थांबते आणि एवढ्या मोठ्या कंपनीचा मालक आधी हसतो की रडतो तेच कळत नाही, मग हुंदके द्यायला लागतो. आपल्या नावाची गाडी नेमकी काय चीज आहे हे त्याला तेव्हा कळतं. दुसरा प्रसंग शेल्बी आणि माइल्सच्या रस्त्यावरच्या मारामारीचा. माइल्सची बायको मॉली सोडवायला जात नाही, खुर्ची टाकून निवांत मासिक चाळत बसते. एकही वाक्य न बोलता ती तिघांचं नातं सांगून जाते.

इतिहास मात्र सिनेमावरून पाठ करू नका. १९६५ च्या ल मांला माइल्सला घरी बसवल्याचं दाखवलंय, पण तो त्या वर्षी तिथे गाडी चालवत होता. १९६६ च्या शर्यतीला फेरारी कंपनीचा संस्थापक एन्झो फेरारी हजर असल्याचं दाखवलंय, तेही खरं नाही. शेवट मात्र बऱ्याच अंशी घडला तसा आहे. तो आधी वाचू नका, माइल्सचं नाव शोधायलाही जाऊ नका. संकलन आणि ध्वनिसंकलनाची दोन ऑस्कर या सिनेमाला मिळाली, ती त्या शेवटच्या भागासाठी योग्यच वाटतात. ल मांचा बराचसा भाग अमेरिकेत चित्रित झालाय, तरी कुठे खोटेपणा जाणवत नाही.

गाड्यांची मुळीच आवड नसलेलं कुणी सोबत असेल, तर हाच लावा. दहा-बारा वर्षांच्या मुलांना ‘एफ वन’ जास्त आवडेल, कारण त्यात समालोचक प्रत्येक डाव उलगडून सांगत असतात. जाणकारांना त्याच गोष्टीचा वैताग येतो. ‘एफ वन’ घरीच बघणार असाल, तर टीव्हीच्या स्पीकरवर भागवू नका, चांगले हेडफोन लावा.

दोन्ही बघून झाले असतील, तर रॉन हॉवर्डचा ‘रश’ (२०१३) घ्या. १९७६ च्या एफ वन मोसमातल्या निकी लाउडा आणि जेम्स हंट या ड्रायव्हरांच्या चुरशीवरचा हा सिनेमा दोन तासांत आटोपतो, आणि लाउडा झालेल्या डॅनियल ब्र्यूलचं काम या दोन्ही सिनेमांतल्या कुणाहीपेक्षा सरस आहे.