एनमॅपने सिस्टीम ओळखणे: एका कापूस हंगामाच्या वापरानंतर

आधी मत सांगतो. लहान गावात नेटवर्क सांभाळणाऱ्याने एनमॅप, म्हणजे नेटवर्कवरची यंत्रं शोधून ती कोणती हे ओळखणारं सॉफ्टवेअर, शिकून घ्यावंच. पण त्याने सांगितलेलं ऑपरेटिंग सिस्टीमचं नाव तपासल्याशिवाय वहीत उतरवू नये.

माझी कामं दारव्हा-दिग्रस पट्ट्यातली: जिनिंग, पतसंस्था, शाळेची लॅब. इथे मशीनची यादी कुठेच नसते. एखादा पीसी देणगीतला, एखादा यवतमाळहून आणलेला सेकंडहँड, त्यात कॅमेऱ्यांचं चित्रण साठवणारा डीव्हीआर आणि सगळ्यांचे मोबाईल. सगळं एकाच स्विचवर.

एनमॅप १९९७ पासून आहे आणि फुकट मिळतो. कमांडला उणे चिन्हासह मोठा ‘ओ’ जोडला की तो सिस्टीम ओळखायला लागतो. त्यासाठी अ‍ॅडमिनचे अधिकार लागतात. समोरच्या मशीनला तो जास्तीत जास्त १६ प्रोब (चाचणीचे छोटे संदेश) पाठवतो, काही मुद्दाम विचित्र, आणि उत्तराची ढब पाहतो: टीसीपी या संपर्काच्या पद्धतीतली विंडो (एका वेळी किती डेटा घ्यायची तयारी) केवढी, ऑप्शन्स कोणत्या क्रमाने, टीटीएल (संदेश जास्तीत जास्त किती राउटर ओलांडू शकतो तो आकडा) किती. दोन वाक्यं ऐकून माणूस वऱ्हाडातला की झाडीपट्टीतला हे आपल्याला कळतं, तसंच हे. नुसत्या पिंगनेही (मशीन चालू आहे का हे विचारणारा साधा संदेश) बरंच कळतं. टीटीएल १२८ असेल तर बहुधा विंडोज, ६४ असेल तर लिनक्स, अँड्रॉइड किंवा मॅक. वाटेतल्या प्रत्येक राउटरला त्यातला एक कमी होतो.

खरा उपयोग एका जिनिंगमध्ये झाला. वजनकाट्याच्या खोलीतल्या पीसीबद्दल मुनीमजी म्हणाले, “भाऊ, त्याच्यात विंडोज सेवन हाय ना.” एनमॅप म्हणत होता एक्सपी, आणि ४४५ पोर्ट (फाइल शेअरिंगचा क्रमांकित दरवाजा) उघडं. खोलीत जाऊन पाहिलं तर कोणीतरी एक्सपीवरच सेव्हनची थीम चढवलेली. माय कॉम्प्युटरच्या प्रॉपर्टीजमध्ये सर्व्हिस पॅक ३ स्वच्छ लिहिलेलं. एक्सपीचा सपोर्ट ८ एप्रिल २०१४ लाच संपला, आणि मे २०१७ मध्ये वॉनाक्राय हा फाइली कुलूपबंद करून खंडणी मागणारा व्हायरस पसरला तो याच ४४५ पोर्टवरून. पण बाहेर कापसाच्या गाड्यांची रांग असताना काटा बंद करता येत नाही, आणि काट्याचं सॉफ्टवेअर नवीन विंडोजवर चालणार नाही असं विक्रेता सांगतो. म्हणून ते मशीन वेगळ्या व्हीलॅनवर (त्याच स्विचवर वेगळं पाडलेलं नेटवर्क) टाकलं, त्याचं इंटरनेट बंद केलं आणि मालकांना लेखी कळवलं. स्कॅन केला नसता तर तिकडे कोणाचं लक्षच गेलं नसतं.

आता उणं काय ते. नीट अंदाजासाठी त्याला किमान एक उघडं आणि एक बंद टीसीपी पोर्ट सापडावं लागतं. विंडोजचा फायरवॉल चालू असला की बंद पोर्ट उत्तरच देत नाहीत, मग टक्केवारीचे अंदाज येतात. तिथे ९३ टक्के दिसले तर ते फक्त एनमॅपकडे साठवलेल्या ठशाशी (उत्तरांच्या नमुन्याशी) जुळण्याचं प्रमाण असतं, उत्तर बरोबर असण्याची हमी नसते. विंडोज १० आणि ११ मध्ये माझ्याकडे तो सतत घोटाळला. डीव्हीआर, राउटर आणि अँड्रॉइड टीव्ही तिन्हींना लिनक्स म्हणतो. ते खोटं नाही, कर्नल (सिस्टीमचा गाभा) लिनक्सचाच असतो, पण त्यावरून वस्तू ओळखता येत नाही.

म्हणून मी पोर्ट सोबत वाचतो. ५५४ दिसलं तर कॅमेरा किंवा डीव्हीआर, ९१०० म्हणजे प्रिंटर, ३३८९ म्हणजे बहुतेक विंडोजचा रिमोट डेस्कटॉप. मॅक पत्त्याच्या (नेटवर्क कार्डाचा क्रमांक, अ‍ॅपलच्या मॅकशी संबंध नाही) पहिल्या अर्ध्या भागावरून कंपनी कळते. मोबाईलच्या बाबतीत मात्र ही युक्ती चालत नाही, कारण अँड्रॉइड १० आणि आयओएस १४ पासून फोन बनावट मॅक पत्ता देतात.

प्रिंटरबाबत एक गोष्ट जपा. काही प्रिंटर ९१०० वर जे येईल ते छापतात, त्यामुळे व्हर्जन (पोर्टवर कोणतं सॉफ्टवेअर चालतं ते) शोधताना एनमॅप हे पोर्ट आपणहून टाळतो. ‘ऑलपोर्ट्स’ हा पर्याय लावून ती सोय मोडू नका. मार्चअखेरीच्या गर्दीत पतसंस्थेच्या प्रिंटरमधून कचरा छापलेले कागद निघालेले कोणालाच परवडणार नाहीत.

वेळ वाचवायचा तर आधी नुसता पिंग स्कॅन करून चालू मशीन काढा आणि मोठा ‘ओ’ तेवढ्यांवरच चालवा. निकाल एक्सएमएल फाइलमध्ये ठेवला की झेनमॅपमध्ये (एनमॅपचं खिडक्या-बटणांचं रूप) जुना-नवा शेजारी लावून पाहता येतो. नवीन आलेलं यंत्र लगेच दिसतं. आणि ज्याचं नेटवर्क आहे त्याची परवानगी घेतल्याशिवाय यातलं काहीही चालवू नका, ओळखीचं दुकान असलं तरी.