टाकीचं घर, पंपाचा फ्लॅट: नळ कोणते घ्यावेत?

राजेंद्रनगरमधल्या आमच्या जुन्या घराचे नळ आणि निपानियात वन्संनी घेतलेल्या फ्लॅटचे नळ, दोन्हींची खरेदी एकाच महिन्यात निघाली. आम्ही दोघींनी मिळून सियागंजातली दुकानं पालथी घातली. शेवटी दोन्ही घरांत अगदी निराळे नळ लागले, आणि ते तसेच लागायला हवे होते. इंदुरात घर बांधणाऱ्या किंवा दुरुस्त करणाऱ्या प्रत्येकाला मी हेच सांगेन: कॅटलॉग उघडण्याआधी आपल्या घरात पाणी कसं येतं ते बघा.

आमच्याकडे नर्मदा एक दिवसाआड येते. नर्मदाकाठच्या जलूदहून सुमारे 70 किलोमीटरचा रस्ता चढून आलेलं पाणी आधी अंगणातल्या हौदात पडतं, मग मोटर लावून गच्चीवरच्या टाकीत जातं. नळाला जोर मिळतो तो फक्त टाकीच्या उंचीचा. 10 मीटर उंचीला साधारण 1 बार दाब, असा हिशेब आहे. म्हणजे पाण्याच्या पातळीपासून तीन मीटर खाली असलेल्या नळाला मिळतो जेमतेम 0.3 बार, आणि गच्चीच्या लगेच खालच्या बाथरूममधल्या शॉवरला त्याच्या निम्मासुद्धा नाही. एकाच दांडीने गरम-थंड पाणी सोडणारे सिंगल लिव्हर मिक्सर आणि ताटाएवढे शॉवर मात्र बहुतेक अर्धा ते एक बार मागतात. दुकानात नळाला पाणी जोडलेलं नसतं, त्यामुळे हा फरक तिथे कळत नाही. वन्संच्या इमारतीत प्रेशर पंप आहे, त्यांच्या सहाव्या मजल्यावर तेच मिक्सर सुरेख चालतात. आमच्या वरच्या बाथरूममध्ये मी आधी हौसेने सिंगल लिव्हर बसवला होता. जुन्या नळाखाली दोन मिनिटांत भरणारी बादली पाच मिनिटांवर गेली. महिन्याभरात तो काढला.

म्हणून टाकीचं घर असेल तर अंघोळीच्या जागी साधा वॉल मिक्सर घ्या, गरम आणि थंड पाण्याच्या दोन वेगळ्या मुठी असलेला. त्यातून पाणी मोकळं वाहतं. दोन पाइपांमधलं अंतर सगळीकडे साधारण 150 मिलिमीटर ठेवतात, त्यामुळे उद्या दुसऱ्या कंपनीचा मिक्सरही त्याच जागी बसतो. भिंतीत पुरलेल्या डायव्हर्टरचं, म्हणजे पाणी नळाकडे किंवा शॉवरकडे वळवणाऱ्या मिक्सरचं, तसं नाही. तो दिसतो स्वच्छ, पण त्याचा आतला भाग आणि बाहेरची पट्टी एकाच कंपनीची लागते. दहा वर्षांनी ते मॉडेल बंद झालेलं असलं तर टाइल्स फोडाव्या लागतात. वन्संनी डायव्हर्टरच घेतला. पंपाच्या घरात त्याला हरकत नाही. फक्त त्या जागेच्या चार टाइल्स जास्तीच्या आणून माळ्यावर ठेवा, एवढं मी त्यांना बजावून सांगितलं.

आणखी एक गोष्ट. थंड पाणी पंपावरून आणि गरम पाणी टाकीवरून येत असेल, तर मिक्सरमध्ये थंड पाणी गरम पाइपात उलटं घुसतं आणि गिझर चालू असूनही अंघोळ गारच होते. दोन्ही पाणी एकाच जागेहून आणा, नाहीतर पाणी उलटं जाऊ न देणारा नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह लावा.

आता नळाच्या पोटातलं. जुन्या चालीचा नळ फिरवून फिरवून बंद करायचा, त्यात रबरी वायसर असतो. नव्यात सिरॅमिकच्या दोन चकत्या एकमेकींवर सरकतात आणि पाव फेऱ्यात काम होतं. आमच्या मागच्या अंगणातला नळ सासूबाई जोर लावून पिळायच्या, तरी टपकायचा. एका रात्री मी त्याखाली तांब्या ठेवला. पहाटे तो काठोकाठ भरून फरशीवर वाहत होता. प्लंबरने नळ उघडून दाखवला: ‘भाभीजी, वायसर तो बदल दूँगा, पर चूड़ी घिस गई है।’ जितकं घट्ट पिळावं तितका वायसर चिरडतो आणि आटे झिजतात. सांधे आखडलेल्या हातांना पाव फेऱ्याचा नळ फार सोपा, त्यातही गोल मुठीपेक्षा लांब दांडीचा. साबणाचा हात गोल मुठीवरून घसरतो. दांडी कोपरानेही ढकलता येते. घरात वडीलधारी माणसं असतील तर इथे पैसे वाचवू नका.

सिरॅमिकला वैर एकच, रेतीचं. आणि बोअरिंगच्या जड पाण्यातला क्षार नळाच्या तोंडावरच्या जाळीत, एअरेटरमध्ये, साचतो. धार वाकडी पडायला लागली की जाळी काढून अर्धा तास लिंबाच्या रसात ठेवायची आणि जुन्या टूथब्रशने घासायची. संडास साफ करायचं ॲसिड नळाला कधीही लावू नका, क्रोम उडतं आणि मग पितळ हिरवं पडतं.

धातूबद्दल माझं मत पक्कं आहे. स्वयंपाकघर आणि न्हाणीघरात पितळीच नळ, क्रोम चढवलेला. हातात घेतला की वजन जाणवतं. त्याच आकाराचा हलका लागला तर पत्रा पातळ आहे किंवा दांडी जस्ताच्या ओतकामाची आहे. 304 जातीच्या स्टेनलेस स्टीलला चढवलेला मुलामा नसतो, त्यामुळे जड पाण्यात ते रंग टिकवून राहतं आणि सिंकला उत्तम. पण दुकानदार लोहचुंबक लावून ‘चिकटत नाही, म्हणजे 304’ असं सांगतो त्यावर जाऊ नका. स्वस्तातलं 202 स्टीलही चुंबकाला चिकटत नाही. बिलावर 304 असं लिहून घ्या. पितळी नळ घेताना आयएसआयची खूण बघा.

पीटीएमटीच्या प्लॅस्टिक नळाला लोक नाक मुरडतात, ते मला पटत नाही. गच्चीवर, बागेत, कपडे धुण्याच्या मोरीवर तो गंजत नाही, क्षार धरत नाही आणि पितळीच्या मानाने बराच स्वस्त पडतो. शिवाय गच्चीवरचा पितळी नळ चोरीला जातो, याला कोणी हात लावत नाही. गिझरच्या लाइनीवर मात्र तो नको.

सिंकसाठी दोन्ही घरांत एकच निवड झाली: उंच मानेचा, फिरणाऱ्या तोंडाचा. कुकर आणि कळशी खाली सरळ उभी राहिली पाहिजे, म्हणून दुकानात जाताना घरातल्या सगळ्यात मोठ्या पातेल्याची उंची मोजून न्या. पितळेत थोडं शिसं असतं, म्हणून रात्रभर नळात थांबलेलं पहिलं तांब्याभर पाणी मी तुळशीशेजारच्या जास्वंदीला घालते, प्यायचं त्यानंतर भरते.

बसवायच्या दिवशी घरी थांबा. प्रत्येक वॉश बेसिन, फ्लश टाकी आणि गिझरखाली अँगल कॉक, म्हणजे तेवढ्याच जोडणीचं पाणी बंद करणारा छोटा नळ, लावून घ्या, म्हणजे एका नळाच्या दुरुस्तीसाठी सगळ्या घराचं पाणी बंद करावं लागत नाही. आणि नळ जोडण्याआधी प्रत्येक पाइप उघडा ठेवून बादलीभर पाणी वाहू द्या. आमच्या बादलीच्या तळाशी सिमेंटची खर आणि टेफलॉन टेपचे तुकडे मिळाले; ते सगळं नव्या चकत्यांवर जाऊन बसलं असतं.