कलौंजीची पेंड की जिऱ्याचा चोथा?

मांसासाठी ससे पाळणाऱ्या मित्राचा प्रश्न: तेल काढून उरलेली कलौंजीची पेंड घ्यावी, की अर्क काढून उरलेला जिऱ्याचा चोथा?

प्रथिनं पाहा. पेंडीत ती साधारण ३० टक्क्यांच्या आसपास, म्हणून सोयापेंडीचा काही भाग ती भरून काढते. वाढत्या सशाच्या खाद्यात एकूण १५ ते १७ टक्के प्रथिनं पुरतात. चोथ्यात प्रथिनं बरीच कमी.

साठवण हा माझ्या मते खरा कळीचा मुद्दा. घाण्याच्या पेंडीत तेल राहतं आणि ती उष्ण हवेत खवट होते. वाफेवर अर्क काढलेला चोथा ओला येतो. लगेच कडक वाळवला नाही तर बुरशी धरतो. बुरशीच्या विषाला ससे फार नाजूक असतात, त्यामुळे कुबट वास आला की फेकायचंच, स्वस्त मिळालं म्हणून वापरायचं नाही.

चव दोन्हींची उग्र. आठ-दहा दिवसांत हळूहळू वाढवा. गवताचा तंतू कोणत्याही पर्यायात कमी करू नका, नाहीतर पोट बिघडतं.

सोयापेंडीचा खर्च कमी करायचा असेल आणि ताजा माल थोडा थोडा मिळत असेल, तर पेंड. वाळवायला जागा असेल आणि प्रथिनं दुसरीकडून मिळत असतील, तर चोथा, तोही थोडाच.